शेजारची खुर्ची

"आणि जमलं तर शेजारीही सांग," हे म्हणाले.

यांच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती, मान उशीवर सरळ ठेवलेली. हलू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे माझे यजमान छताशी बोलल्यासारखे बोलत होते. मी पिशवीत यांचं वाचकपत्र, माझं ओळखपत्र, पाण्याची बाटली असं एकेक भरत होते. मला वाटलं, शेजारी म्हणजे जिन्यापलीकडचे. म्हटलं, "त्यांना काय सांगायचंय? कालच बघून गेले की तुम्हाला."

"ते नव्हेत गं. लायब्ररीतल्या. माझ्या खुर्चीशेजारी बसतात त्या."

"त्या?"

"एक बाई असतात."

"नाव काय त्यांचं?"

"काय की."

"काय की म्हणजे?"

"बोलणं झालं नाही कधी," हे म्हणाले, जणू कालपरवाच तिथे बसायला लागले असावेत. निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यापासून हे त्या खुर्चीवर जाताहेत. त्यानंतर आमची मुलगी लग्न होऊन गेली, नात शाळेत जाऊन वरच्या वर्गात पोचली. "एवढंच सांग, की डोळ्याचं काम झालं आणि मी येणार आहे. नाहीतर त्यांना उगाच वाटायचं."

काय वाटायचं ते यांनी सांगितलं नाही. मी पिशवीची चेन ओढली, ती मध्येच अडकली. परत ओढली, परत अडकली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही डोळ्यांत शिरलं असेल तर शपथ. जिचं नाव ठाऊक नाही, जिच्याशी शब्द बोललेला नाही, तिला निरोप. आणि निरोप काय, तर येणार आहे. मला कधी कोणी सांगितलं होतं, की येणार आहे? रोज सकाळी चहाचा कप विसळून पालथा घातला की हे चपला घालायचे, "येतो" म्हणायचे, आणि तो "येतो" दाराला सांगितल्यासारखा असायचा. मोठ्या लायब्ररीला मी गमतीने सवत म्हणायचे. मैत्रिणी हसायच्या. बरी आहे की सवत, म्हणायच्या, दागिने मागत नाही, घरात येऊन बसत नाही. मीही हसायचे. दगडी इमारतीचा मत्सर करताना माणसाला थोडा अभिमानच वाटतो. नवरा वाया गेला तो ज्ञानापायी गेला, असं चारचौघांत सांगता येतं. पण इमारतीला काही कोपरावर रफू केलेला स्वेटर नसतो, असं मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं. त्या बाईला मी अजून बघितलंही नव्हतं आणि तिला स्वेटर घालून मोकळी झाले होते. मी जन्मभर पहिलीच्या वर्गाला शिकवलं. मत्सराचा चेहरा माझ्या ओळखीचा आहे. फळ्यावर लिहायला खडू शेजारच्याला दिला की तो येतो: खालचा ओठ पुढे, नजर खडूवर, आणि मला नकोच होता मुळी, असा आव. अशा मुलाला रागवायचं नसतं. त्याच्या हाती डस्टर द्यायचं आणि म्हणायचं, बाळ, त्याने लिहिलेलं सगळं तू पुसायचं हं. मूल लगेच खुलतं. बसच्या काचेत मला तो पुढे आलेला ओठ दिसला, पण मला डस्टर कोण देणार?

निरोप हे वरचं काम होतं. खरं काम वेगळं. मोठ्या लायब्ररीत वर्षानुवर्षं येणाऱ्या वाचकांना कायमची खुर्ची देतात. खुर्चीच्या पाठीला पितळी चौकट असते, तिच्यात नावाची चिठ्ठी सरकवलेली असते, आणि वर्षातून एकदा कचेरीच्या खिडकीशी जाऊन मुदत वाढवून घ्यावी लागते. नाही घेतली तर खुर्ची रांगेतल्या पुढच्या माणसाला जाते. आज शेवटचा दिवस होता. यांना वाटत होतं, पट्टी निघाली की महिन्याभरात सगळं पहिल्यासारखं. डॉक्टरांनी मात्र मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की डावा डोळा गेल्यात जमा आहे. उजव्याने माणसं दिसतील, रस्ता दिसेल, मोठे मथळे दिसतील, पण बारीक अक्षर आता विसरा. "त्यांना कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा," म्हणाले. मी अजून सांगितलं नव्हतं. डॉक्टर बोलत होते तेव्हा मला वाईट वाटलं, रडूही आलं, पण त्या रडण्याच्या तळाशी काहीतरी ऊबदार हललं, आणि ते काय आहे हे मला चटकन कळलं. आता हे घरी असणार. मुदत वाढवली नाही तर फारसं खोटंही बोलावं लागणार नव्हतं. बस उशिरा आली, खिडकी बंद झाली होती. एवढं म्हटलं की सवत घराबाहेर.

मोठ्या लायब्ररीच्या पायऱ्या रुंद आणि बुटक्या आहेत, भरभर चढता येत नाहीत. पाऊल आपोआप सावकाश पडतं, देवळात पडतं तसं. दारातल्या रखवालदाराने पिशवी घेऊन कपाटात ठेवली, किल्ली दिली, आणि पर्समधलं पेन काढून घेऊन हातात पेन्सिल दिली. आत शाई चालत नाही. फक्त पेन्सिल. म्हणजे पांढऱ्या केसांचे मोठमोठे विद्वानही इथे पेन्सिलीने लिहितात, आमच्या पहिलीच्या पोरांसारखे, आणि बोलायचं असलं की आधी इकडेतिकडे बघतात. हे मला आवडलं. मला काहीही आवडायचं नव्हतं, तरी आवडलं. हे नेहमी सांगायचे, की देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत इथे यावीच लागते, तसा कायदा आहे. चांगलं पुस्तक, वाईट पुस्तक, एकही प्रत न खपलेलं पुस्तक, सगळी सारखी. कोणाला दारातून परत पाठवत नाहीत. "तुझ्या शाळेसारखंच," हे म्हणायचे. मी म्हणायचे, "माझ्या शाळेसारखं कसं? माझी पोरं बाहेर जातात. तुमच्या लायब्ररीत आत गेलेलं काही बाहेर येतं का?" तेव्हा बोलायला म्हणून बोलले होते. आता त्या दालनाच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि वाटलं, बरोबरच बोलले होते. छत इतकं उंच, की खालची माणसं बाकावर विसरलेल्या वस्तूंसारखी दिसत होती. कुठेतरी जमिनीखाली पुस्तकांचे मजलेच्या मजले आहेत, म्हणे. तिथून पुस्तक वर आणणाऱ्या पाळण्याची घरघर तेवढी ऐकू यायची, आणि कोणाच्या तरी टेबलावरचा लहानसा दिवा लागायचा. तुमचं पुस्तक आलं, न्या. मग पुन्हा शांतता. माझ्या वर्गात अशी शांतता कधी झाली, तर समजायचं की कोणाला तरी लागलं आहे. मला वाटलं, इतकं सगळं जपलं आहे इथे, प्रत्येक कागद, प्रत्येक कवी, प्रत्येक मूर्ख. आणि ज्यांनी ज्यांनी हे लिहिलं त्या प्रत्येकाला कोणीतरी मांडीवर घेऊन, बोट धरून, पहिलं अक्षर वाचायला शिकवलं असेल. तो आवाज कुठल्या मजल्यावर ठेवला आहे? त्याच्यासाठी कायदा नाही. मग वाटलं, बाई, तू निमित्त शोधते आहेस. तुझं भांडण देशाशी नाही, एका खुर्चीशी आहे.

दालनाच्या टोकाला एक काचेची खोली होती. आत दोनच खुर्च्या. एकीवर काळा चष्मा लावलेले म्हातारे गृहस्थ, दुसरीवर एक तरुण मुलगी मांडीवर पुस्तक घेऊन. तिचे ओठ भराभर हलत होते, पण बाहेर चकार शब्द येत नव्हता. मी थोडा वेळ बघत राहिले.

कचेरीची खिडकी उघडी होती, पण आतला कारकून म्हणाला, "साहेब बैठकीत आहेत. शिक्का त्यांच्याकडे. तोवर बसा आत."

"कुठे बसू?"

"तुमच्या यजमानांच्या खुर्चीवर बसा की. आज तिचे मालक तुम्हीच. फक्त काहीतरी पुस्तक मागवा, नुसतं बसता येत नाही. वाचत नसलेला माणूस दिसला की आमचे लोक हटकतात."

"शाळेसारखंच आहे तुमचं."

"शाळा बरी," तो म्हणाला, "तिथे मधली सुट्टी असते."

कोणतं पुस्तक मागवावं? हे इथे कोणती पुस्तकं मागवतात ते मला ठाऊक होतं. हे छापखान्यात प्रुफं तपासायचे. निवृत्त झाल्यावर माणसं बागा करतात, नातवंडं सांभाळतात. हे जुनी, कोणी न वाचलेली पुस्तकं काढून त्यांतल्या छपाईच्या चुका शोधत बसतात. मी विचारलं होतं, आता त्या चुका सापडून उपयोग काय? म्हणाले, "काही नाही. मेलेल्या माणसाची नाडी बघतो, झालं." पण आमच्या लग्नानंतरची पहिली वर्षं याच कामात गेली. प्रुफं दोघांनी तपासायची असतात: एकाने लेखकाचा मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर डोळा ठेवायचा. यांचा जोडीदार सारखा आजारी असायचा, म्हणून हे कागद घरी आणायचे आणि मी वाचायचे. मुलगी लहान होती, झोपलेली असायची. आवाज मोठा करता येत नव्हता. म्हणून मी हळू वाचायचे, आणि स्वल्पविराम आला की पेन्सिलीने टेबलावर एक टिचकी, पूर्णविराम आला की दोन. ती युक्ती माझीच, वर्गातली. पोरांना थांबायला शिकवायचं तर सांगून थांबत नाहीत, टिचकी ऐकून थांबतात. किती पुस्तकं वाचली मी तशी. अर्थ बघायला वेळ नसायचा, नुसता आवाज आणि टिचक्या, आणि समोर यांचं वाकलेलं डोकं. ते डोकं माझ्या आवाजाच्या मागून चालायचं. सुख सुख म्हणतात ते काय असतं, हे मला कोणी विचारलं तर मी ते टेबल दाखवीन. मग छापखान्यात यंत्रं आली, जोडीदाराची पद्धत गेली, हे एकटेच पडद्यावर तपासू लागले. माझं वाचणं संपलं. पण सवय कुठे जाते? मी वर्तमानपत्रसुद्धा ओठ हलवून वाचते. एकदा हे म्हणाले, "बाई, मनात वाच." हे मला कौतुकाने बाईच म्हणतात, त्या दिवशीही कौतुकानेच म्हणाले असतील. मी मनात वाचायला शिकले. शिकले म्हणजे, हे घरात असले की.

मागणीच्या चिठ्ठीवर मी आमचं पहिलीचं जुनं पुस्तक लिहिलं, ज्यावर मी शिकवायला सुरुवात केली ते. आणि खुर्चीकडे गेले.

ती तिथे होती. स्वेटर होता; कोपरावर रफू नव्हतं, एवढंच. माझ्याच वयाची, थोडी बारीक, केस आखूड कापलेले. तिच्यापुढे हवामानाच्या जुन्या नोंदींचा जाडजूड खंड उघडा होता, आणि ती त्यातले आकडे पेन्सिलीने उतरून घेत होती. उद्या ऊन पडेल की नाही हे कोणाला सांगता येत नाही, आणि ही कोणा पणजोबाच्या काळातलं ऊन मोजते आहे. मी खुर्ची ओढली, बसले. तिने वर बघितलं नाही. नुसता डावा हात पुढे केला, दोघांच्या मध्ये पडलेली वाळूने भरलेली लांब कापडी पिशवी, उघडं पान दाबून ठेवायला असते ती, माझ्या बाजूला सरकवली. मग तोच हात वर गेला आणि माझ्या टेबलावरच्या दिव्याची मान तिने थोडीशी उजवीकडे वळवली. प्रकाश माझ्या डाव्या गालावरून निघून गेला. हे सगळं तिने आकडे लिहितालिहिता केलं, घरात आपण न बघता बटण दाबतो तसं. यांच्या डाव्या डोळ्याला उजेड बोचतो हे मला डॉक्टरांच्या खुर्चीशेजारी उभी असताना कळलं, या महिन्यात. घरात आमचा जेवणाच्या टेबलावरचा दिवा यांच्या डावीकडेच आहे. वर्षानुवर्षं आहे. हे कधी काही बोलले नाहीत. इथेही बोलले नसणार. बोलणं झालं नाही कधी, असं स्वतःच म्हणाले होते. म्हणजे हिला ते न सांगता कळलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात. ही तर कानामागूनसुद्धा आली नव्हती, डोळ्याशेजारून आली होती.

तिने पान उलटलं, आणि मग तिला काहीतरी वेगळं जाणवलं असावं. वास असेल. तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. पेन्सिल थांबली. तिने खुर्चीच्या पाठीवरचं नाव वाचलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. निरोप द्यायची हीच वेळ होती. बरे आहेत, येणार आहेत. इतकेच शब्द. मी काही बोलले नाही. तिला वाटायचं ते वाटू दे, असं मला वाटलं, आणि ते वाटणं कडू औषधाच्या गोळीवरच्या साखरेसारखं जिभेवर विरघळत राहिलं. मी मुलांवर कधी हात उगारला नाही, कोणाला वर्गाबाहेर उभं केलं नाही. आणि इथे एका अनोळखी बाईला मी शांतपणे भीती दाखवत बसले होते, आणि मला ते बरं वाटत होतं.

माझ्यापुढचा लहान दिवा लागला. पुस्तक आलं होतं. मी जाऊन घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि बघतच राहिले. हे पुस्तक मी शेकडो हातांत पाहिलं आहे. कव्हर गेलेलं, कोपरे दुमडून मऊ झालेले, चित्रांतल्या माणसांना मिशा काढलेल्या, मधल्या पानांवर दुधाचे, चिखलाचे, नाकाचे डाग. वर्षाच्या शेवटी त्याचं भजं झालेलं असायचं. आणि इथे ते नवंकोरं होतं. कव्हरावरचा निळा रंग इतका निळा होता हे मला माहीतच नव्हतं. एकाही मुलाने त्याला हात लावलेला नव्हता. मला त्याचा राग आला, श्रीमंताघरच्या, कधी मातीत न खेळलेल्या मुलाचा येतो तसा. मी पानं उलटत लपाछपीच्या धड्यापाशी आले. ताई लपते, दादा शोधतो, दाराआड नाही, खाटेखाली नाही. पुढचं पान उलटायला गेले तर उलटेना. कापताना ते सुटून गेलं होतं. दोन पानं वरच्या कडेला अजून जोडलेलीच होती. म्हणजे या प्रतीत ताई कोणाला सापडलेलीच नव्हती. एवढी वर्षं ती आत लपून बसली होती, आणि शोधायला कोणी आलं नव्हतं. मी पुस्तक घेऊन देवघेवीच्या टेबलाशी गेले. तिथल्या बाईंनी हाडाची बोथट सुरी काढली, पानांत घातली आणि सावकाश ओढली. "तुम्ही पहिल्याच," त्या म्हणाल्या. कापल्याचा बारीक आवाज साऱ्या दालनात गेला, दोघा-तिघांनी माना वर केल्या.

जागेवर येऊन मी तो धडा पहिल्यापासून काढला. आणि मग काय झालं ते मला थोड्या उशिराने कळलं. माझं बोट ओळीखाली चालत होतं, ओठ चालत होते, आणि ओठांबरोबर आवाजही. ताई लपली. टक टक. दादा शोधतो. टक टक. दाराआड नाही, टक, खाटेखाली नाही. टक टक. मोठ्याने नाही, मूल निजलेलं असताना वाचावं तितपत. पण त्या दालनात तेवढं पुरे होतं. ताई टोपलीत. टक टक. माझी बोटं पेन्सिलीसकट टेबलावर थांबली, आणि मी भानावर आले. आता कोणीतरी येऊन हटकणार, म्हणून मान खाली घातली.

कोणी आलं नाही. शेजारची बाई माझ्या पेन्सिलीकडे बघत होती. मग ती उठली आणि मला बाहेर या म्हणून खूण केली.

बाहेर, पाणी प्यायच्या नळापाशी, ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्या घरच्या."

"हो."

"बरे आहेत ना?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं. बरे आहेत."

तिने नळ सोडला आणि पाणी न पिताच बंद केला. "मला वाटलं... तीन आठवडे झाले. इथे असंच कळतं. एक दिवस पाठीवरची चिठ्ठी बदललेली दिसते." मग म्हणाली, "तेही असंच वाचतात."

"कसं?"

"तुम्ही आत्ता वाचलंत तसं. ओठातल्या ओठात. आणि मध्येमध्ये पेन्सिलीने टकटक. सुरुवातीला मला राग यायचा, दोनदा तक्रार करायला म्हणून उठलेही होते. मग सवय झाली. कशासाठी करतात ते काही मला कळलं नाही."

मला कळत होतं. हे छापलेल्या पानावर डोळा ठेवून होते, आणि माझं वाचणं स्वतःच्या तोंडाने वाचत होते. जोडीच्या दोन्ही बाजू एकटेच चालवत होते. घरी मला मनात वाच म्हणणारा माणूस रोज सकाळी बस पकडून इथे येत होता, आणि माझा आवाज काढत होता. छाती भरून यावी असंच ते होतं, आणि आलीही भरून. पण त्याच क्षणी दुसरं मन म्हणालं, ऐकलं कोणी? हिने. माझं होतं ते, माझ्या टेबलावरचं, माझ्या टिचक्यांचं, आणि एवढी वर्षं कान हिचे होते. सांगावं तिला, की एक टिचकी म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय? मी नाही सांगितलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. तिची नजर नळाच्या तोटीवर होती. "ते नसले की मला वाचता येत नाही. आकडे चुकतात."

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं, की मला काही लागेल हे तिच्या ध्यानातही नव्हतं. लहान मूल सांगतं ना, बाई, मला तुमच्यापेक्षा त्या वर्गातल्या बाई आवडतात, तसं. मी मान हलवली. "येणार आहेत," मी म्हटलं. "तुम्हाला सांगायला सांगितलंय." निरोप पोचला. तिचा चेहरा उजळला, आणि तो उजळताना मी पूर्ण पाहिला.

खिडकीशी साहेब आले होते. शिक्का शाईच्या गादीवर टेकवून म्हणाले, "मुदत वाढवायची ना?"

मुदत वाढवली नाही तर हे माझे. घरी, दिवा उजवीकडे घेऊन बसतील, मी वाचीन. पण कितव्या दिवशी हे विचारतील, चपला कुठे आहेत? या लायब्ररीत कोणाला परत पाठवत नाहीत; ते काम मी करायचं? आणि मुदत वाढवली तर हे त्या खुर्चीत बसतील, काही न दिसता, पेन्सिलीने टकटक करतील, आणि शेजारची दिव्याची मान वळवील.

"ती काचेची खोली कोणाला देतात?" मी विचारलं.

"वाचून दाखवण्याची? ज्यांना दिसत नाही त्यांना. पण वाचणारं माणूस त्यांनी आपलं आणायचं."

"माणूस आहे."

"खोली घेतली तर कायमची खुर्ची सोडावी लागेल. दोन्ही देता येत नाही."

"सोडते," मी म्हटलं. "आम्ही सोडतो," असं दुरुस्त केलं, पण साहेबांनी ते ऐकलं नसावं. त्यांनी दोघांची नावं घेतली, शिक्का मारला. "खुर्चीवरची चिठ्ठी तेवढी काढून आणून द्या," म्हणाले.

दालनात परत गेले. चौकटीतली चिठ्ठी घट्ट बसली होती. नखाने वर सरकवली तेव्हा निघाली. मागचं पितळ चिठ्ठीखाली नव्यासारखं पिवळं राहिलं होतं. डस्टर हाती आलं की मूल खुलतं, असं मी म्हटलं ना. आधी खुलतं. मग पुसलेल्या जागेकडे बघत उभं राहतं.

शेजारची बाई बघत होती. "येणार आहेत म्हणालात ना?" तिने कुजबुजत विचारलं.

"येणार आहेत. तिथे." मी काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. ती मुलगी अजून वाचत होती, ओठ हलत होते.

ती तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिथलं काही ऐकू येत नाही."

"नाही," मी म्हटलं. "काच जाड आहे."

तिने हात वर केला, यांच्या दिव्याची मान पुन्हा सरळ केली, वाळूची पिशवी आपल्या बाजूला ओढून घेतली, आणि आकड्यांवर वाकली.

घरी पोचले तेव्हा हे तसेच छताकडे तोंड करून होते. "झालं काम?"

"झालं."

"खुर्ची?"

"खुर्ची बदलली. आता दोन आहेत. काचेच्या खोलीत."

त्या खोलीत कोण बसतं हे यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पट्टीखालचा डोळा मला दिसत नव्हता, उघडा होता तो मिटला. बाहेर कोणीतरी जिना चढून गेलं. "डॉक्टर म्हणाले?" यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि खाटेच्या कडेला बसले. यांनी हात चाचपडत पुढे केला, माझा सापडल्यावर धरला नाही, नुसता खाली ठेवून दिला. म्हणाले, "मग वाचणार कोण?"

"आहे एक पहिलीची बाई. ओठ हलवते, पण बरं वाचते."

हे हसले नाहीत. यांच्या बोटाने चादरीवर एक टिचकी मारली. मी वाट बघितली. दुसरी आली नाही.

"शेजारी सांगितलंस?"

"सांगितलं."

"काही म्हणाल्या?"

ते नसले की मला वाचता येत नाही. ते वाक्य माझ्याजवळ होतं. कोरं, डाग न लागलेलं, ज्याच्यासाठी होतं त्याचा हात न लागलेलं. दोन पानं वरच्या कडेला जोडलेली असावीत, तसं. मी ते घेऊन खाली उतरले, आणखी खाली, पाळण्याची घरघरही पोचणार नाही अशा मजल्यावर, आणि तिथे नीट ठेवून दिलं.

"काय म्हणणार?" मी म्हटलं. "तिथे कोणी बोलत नाही."